बॉल माझ्या पोटचा नव्हता

फुटबॉलची मॅच मोबाइलवर घ्यायची तर कॅमेरा बॉलच्या मागं फिरवायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. पाच वर्षं मी तो फक्त माझ्या मुलीच्या मागं फिरवला. ती स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यांत पुढं उभी राहून गोल मारणारी. निदान तिनं मारावा अशी आम्हा सगळ्यांची अपेक्षा. बॉल ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला असला तरी माझ्या मोबाइलात ही एकटीच, कमरेवर हात ठेवून उभी, नाहीतर कुठंतरी उगाच पळत सुटलेली. शेजारी बसलेले लोक वाकून बघायचे आणि हसायचे. "मॅडम, जरा बॉल बी घ्या की," म्हणायचे. मी म्हणायचे, बॉल काय माझ्या पोटचा नाही.

याला कारण होतं. माझे यजमान सैन्यात हवालदार. वर्षातले दहा महिने ते वर बर्फात असतात, आणि फोन कधी लागतो, कधी आठ-आठ दिवस लागत नाही. सुट्टीवर आले की त्यांना लेकीच्या मॅच बघायच्या असायच्या. पहिल्यांदा मी चारचौघांसारखं बॉलमागं फिरून शूटिंग केलं होतं, तर दहा मिनिटांत वैतागले. "मॅच नगं मला. पोरगी दाव. अंगानं भरलीय का वाळलीय, ते तरी बघू दे." तेव्हापासून मी ग्राउंडच्या पायरीवर उभी राहून नव्वद मिनिटं फक्त पोरगी दाखवत आले. ते गावाकडच्या घरी टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे आणि एकेक मॅच दोन-दोनदा बघायचे. मग सगळं एका पेनड्राइव्हमध्ये भरून आपल्या काळ्या ट्रंकेत ठेवायचे. युनिटात पेनड्राइव्ह न्यायला बंदी असते. ट्रंकेला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. माझा मोबाइल भरलेला असायचा, म्हणून ते परत गेले की मी माझ्याकडचं सगळं पुसून टाकायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा कडेगावच्या बाजूला, आणि राहायला कराडशेजारच्या मलकापुरात, कारण मुलीचं ग्राउंड आणि तिचे सर कराडात. माझा स्वभाव तापट आहे, हे शाळेतल्या पोरांपासून गाडीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. गणितात उत्तर चुकलं की मी शून्य देते. रीत बरोबर आहे म्हणून अर्धे गुण देणाऱ्या बाया मला ढिल्या वाटायच्या. आणि माझ्याच घरात ही पोरगी. सांगलीला झालेल्या मोठ्या स्पर्धेत सहा मॅच खेळली आणि गोल मारला एक. तोही बॉल हिच्या डोक्याला लागून आत गेला. गावात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "गोल किती?" मी विषय बदलायचे. तरी तिला देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावणं आलं, तेव्हा आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग भीतीही वाटली. निवडणाऱ्यांची काहीतरी चूक झाली असणार आणि ती लवकरच कुणाच्या तरी लक्षात येणार, असं मला मनातून वाटत होतं. सख्ख्या आईला असं वाटावं हे बरं नाही, पण वाटत होतं.

तीन आठवड्यांनी ती शिबिरातून परत आली ती गप्पच. दोन दिवसांनी सांगितलं. पुढच्या फळीतली एक जागा राहिली होती आणि त्या जागेसाठी दोघी होत्या, ही आणि दुसरी एक मुलगी. दुसरी भरपूर गोल मारते. शिबिराच्या मुख्य कोच मॅडमनी हिला राखीव ठेवून घरी पाठवलं होतं, विचार करून कळवतो म्हणून.

मी भाकरी थापत होते. माझा तोल सुटला. "मग त्यांचं काय चुकलं? पुढं उभं राहून गोल मारायचा न्हाई, नुसतं पळायचं. तवा तापवायचा आपण आणि भाकरी भाजायची शेजारणीनं, असंच ना?"

"भाजू दे की शेजारणीला," ती म्हणाली. "खायची तर सगळ्यांनीच हाय."

एवढं बोलून ती बूट घेऊन बाहेर गेली. मला तेव्हा ते उत्तर उर्मट वाटलं.

त्याच शनिवारी दुपारी तिच्या सरांचा फोन आला. हे सर पूर्वी रेल्वेकडून खेळायचे. आता कराडला पोरींना फुकट शिकवतात आणि पोरींपेक्षा त्यांच्या पालकांना जास्त ओरडतात. कोच मॅडमनी दोघी मुलींच्या दोन-दोन अख्ख्या मॅचचे व्हिडिओ मागवले होते, कापाकापी न केलेले, सोमवारी दुपारी बाराच्या आत. त्यावर शेवटचा निर्णय होणार होता. सांगलीच्या मॅच आयोजकांनी इंटरनेटवर दाखवल्या होत्या, त्या सरांनी सकाळपासून बसून बघितल्या होत्या.

"मॅडम, ह्यात आपली दिसतच न्हाई वो," ते म्हणाले. "कॅमेरा सगळा बॉलमागं. जितं बॉल न्हाई तितं हिचं काम. हे पाठवलं तर हिनं काईच केलं न्हाई असं वाटंल. तुमी पायरीवर उभं राहून हिलाच घेत हुता न्हवं? ते कुटाय?"

मी म्हटलं, "पुसलं." सांगलीच्या मॅच बघून हवालदार परत गेले, तेव्हाच पुसलं होतं. मग मला ट्रंक आठवली.

हवालदारांना फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. तासाभरात वीस वेळा लावला असेल. शेवटी रविवारी सकाळी स्कूटी काढली आणि गाव गाठलं.

गावाच्या स्टँडवर मला ब्रेक दाबावा लागला. खांबाला पंधरा फुटी फ्लेक्स लावला होता. त्यावर माझी मुलगी, बॉलवर पाय ठेवून. वर ठळक अक्षरांत 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली 'गावची शान, गोलची तोफ', आणि त्याच्या खाली माझ्या दिरासकट बावीस शुभेच्छुकांचे फोटो. निवड झाली नव्हती. ती होणार की नाही हे ज्या व्हिडिओवर ठरणार होतं तो एका बंद ट्रंकेत होता, आणि गावानं अभिनंदन करून टाकलं होतं. आमच्याकडं हे असंच असतं. पोरगं भरतीला पळायला निघालं की परत यायच्या आत त्याचा फ्लेक्स लागतो.

दीर अंगणात म्हशीला वैरण टाकत होते. मी गाडीवरूनच ओरडले, "तो फ्लेक्स आधी उतरवा."

"आवं वैनी, कशापायी? हुनारच हाय की निवड."

"झाली न्हाई अजून. आणि तोफ कुठली? एक गोल मारलाय एक!"

त्यांचं तोंड उतरलं, पण शिडी घेऊन गेले बिचारे. मी आत गेले. ट्रंक माळ्याखाली होती, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या ट्रंकेला मी कधी हात लावला नव्हता. फौजीच्या घरात तशी रीतच असते. माणूस घरात नसतो तेव्हा त्याची ट्रंक म्हणजे तोच. सासूबाई होत्या तोवर दसऱ्याला तिला हळदकुंकूही लावायच्या. शेवटचा एक फोन लावून बघितला. लागला नाही. मग गोठ्यातली पहार आणली. दीर परत आले होते, दारातूनच म्हणाले, "दादाच्या ट्रंकंचं कुलूप? म्या न्हाई हात लावायचा." मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा. तिसऱ्या घावाला कडी निघाली. आवाज असा झाला की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. आत गणवेशाच्या घड्या, सर्टिफिकिटांची फाइल, आणि एका मोज्यात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. टीव्हीला लावून बघितला. आतल्या फाइलींना त्यांनी नावं दिली होती: पोरगी एक, पोरगी दोन, पोरगी तीन. मला तिथंच रडू आलं, पण वेळ नव्हता.

दुपारी तीनला सर मलकापूरला घरी आले. आमच्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावला आणि मी सांगलीची एक मॅच सुरू केली. पाच मिनिटं झाली. सरांच्या कपाळावर आठी.

"काय वो मॅडम, बॉल कुटाय?"

"बॉल न्हाई त्यात."

"येकदा बी न्हाई?"

"तिच्याजवळ आला तर येतो."

त्यांनी डोक्याला हात लावला. "हे दिल्लीत बसून कोन बघनार? येक पोरगी पळतीया, थांबतीया, परत पळतीया. लोक म्हनतील कशाला पळतीया." त्यांचं खरं होतं. मी पाच वर्षं शूटिंग केलं होतं आणि ती कशाला पळते हे मलाही माहीत नव्हतं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हळूच सुचवलं, "सर, तुमचा लॅपटॉप शेजारी ठेवा. आयोजकांची मॅच त्यात लावा. शिट्टी जुळवा."

लॅपटॉप टीव्हीशेजारी स्टुलावर ठेवला. सुरुवातीची शिट्टी दोन्हीकडं एकदम वाजेपर्यंत सर मागंपुढं करत राहिले. चौथ्या वेळी जुळली. आता लॅपटॉपवर बॉल होता आणि टीव्हीवर माझी मुलगी. आणि टीव्हीतून मी.

हे मी विसरले होते. मोबाइल माझ्या हातात होता, तर सगळ्यांत मोठा आवाज माझाच असणार. नव्वद मिनिटं मी बोलत होते. "अगं तिकडं कुठं निघालीस?" "बॉल हिकडं हाय बाई!" "उभी काय राहिलीस खांबासारखी?" सर एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा टीव्हीकडं. मी पदराशी चाळा करत बसले.

दुसऱ्या हाफात तो गोल आला. लॅपटॉपवर आमच्या संघातल्या कोल्हापूरच्या मुलीला बॉल मिळाला आणि तिच्यासमोर खळ्याएवढी मोकळी जागा. ती सरळ आत शिरली आणि मारला. त्याच वेळी टीव्हीवर माझी मुलगी मध्यातून निघून डाव्या कोपऱ्याकडं जीव खाऊन पळत होती. मान वळवून तिनं मागं बघितलं, पुन्हा बघितलं. समोरच्या संघातल्या दोन डिफेन्डर तिला चिकटून पळत होत्या. बॉल तिच्याकडं येणार नव्हताच. मग लोकांचा गलका, आणि त्यावर माझा आवाज: "गोल! गोल झाला! आन ही बघा, ही तिकडं कोपऱ्यात काय करतीया? ह्या पोरीला न्हाई जमायचं, ही नुसतीच पळायची!"

सरांनी दोन्ही थांबवलं. टीव्हीजवळ गेले आणि बोट ठेवलं.

"मॅडम, ह्या दोघी हितं कशाला आल्या?"

"हिच्या मागं."

"मग तितं मधी कोन राह्यलं?"

मी लॅपटॉपकडं बघितलं. मधे कुणीच राहिलं नव्हतं. ती खळ्याएवढी जागा हिनं रिकामी करून दिली होती. दोन माणसं स्वतःच्या अंगावर घेऊन ती कोपऱ्यात गेली होती. गोल दुसरीच्या नावावर लागला, आणि कोपऱ्यात, जिथं माझ्याशिवाय कुणाचा कॅमेरा नव्हता, तिथं ही दोन्ही हात वर करून एकटीच नाचत होती. मी ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं होतं. हातात मोबाइल धरून बघितलं होतं.

"मला तितं ऐकू यायचं सगळं," दारातून मुलगी म्हणाली. रागानं नाही, सहज. "तुझा आवाज लय लांब जातो, आई."

वर्गातल्या किती पोरांची रीत बरोबर असताना मी शून्य दिलं असेल, हाही विचार आला, पण तो नंतर. त्या क्षणी फक्त लाज वाटली. पाच वर्षं ही पोरगी दोन डिफेन्डर आणि तिसरी मी, अशा तिघींना मागं घेऊन पळत होती.

मी सरांना म्हटलं, माझा आवाज तेवढा बंद करून पाठवा. सर म्हणाले, नाही करता येणार. "कापाकापी चालत न्हाई, आन गोल कवा झाला ते तुमच्या आवाजावरनंच कळतंय." म्हणजे मी लेकीला नावं ठेवतेय हे आता देशाचे निवडकर्ते ऐकणार होते. आईच म्हणतेय हिला जमायचं नाही, मग आपण कशाला घ्यायची, असं त्यांना वाटलं तर?

निघताना सर म्हणाले, "निवड हुईलच असं म्या म्हननार न्हाई. गोल तो गोल असतोय. ती दुसरी पोरगी गोल मारती, आन इमानदारीनं मारती. पर आता निदान दोन्ही बाजू बघून ठरवतील." आयोजकांच्या दोन आणि माझ्या दोन, शिट्टी कुठं जुळते ते लिहून, चारही मॅच सोमवारी सकाळी गेल्या. बाराला दहा कमी असताना सरांचा 'पोचल्या' असा मेसेज आला.

मग नऊ दिवस काहीच नाही. मुलगी रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळून यायची आणि मोबाइलकडं न बघता आंघोळीला जायची. मी तिच्याआधी मोबाइल बघून ठेवलेला असायचा. आमचं बोलणं जेवणापुरतं. मला माफी मागायची होती, पण आमच्या घरात आई लेकीची माफी मागते ती ताटात जास्त तूप वाढून. ती निमूट खायची. गावात दिरांनी फ्लेक्स घडी घालून कडब्याच्या गंजीवर टाकला होता. मधे एकदा हवालदारांचा फोन लागला. मी ट्रंकेचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कडी नवी बसवलीस का?" बसवली म्हटलं. "मग झालं की."

दहाव्या दिवशी शाळेत पोरांना खिचडी वाढत होते तेव्हा सरांचा मेसेज आला. तेवीस नावांची यादी. मी वरून वाचत गेले तर नाव सापडेना. परत वाचलं, तरी नाही. वाढायचा डाव हातात तसाच. मग कळलं की मी घाईत शेवटच्या चार ओळी वाचतच नव्हते. एकविसावं नाव तिचं होतं. पोरं विचारत होती, "बाई, का रडताय?" मी म्हटलं, मिरची लागली. दुसऱ्या मुलीचं नाव यादीत नव्हतं. तिचीही आई कुठंतरी असाच मोबाइल घेऊन उभी असेल हे मनात आलं, आणि मी मोबाइल पर्समध्ये टाकून पुढच्या ताटात खिचडी वाढली. दिरांनी संध्याकाळच्या आत गंजीवरचा फ्लेक्स झाडून परत खांबाला लावला. कोपऱ्यावर वैरणीचे डाग होते. 'गोलची तोफ' मात्र त्यांनी खडूनं खोडली होती.

तिच्या संघाची परदेशातली पहिली मॅच आम्ही गावाकडच्या घरी टीव्हीवर बघितली. अंगणापर्यंत माणसं. ही राखीव होती, शेवटची वीस मिनिटं आत आली. आत येताना एकदा तोंड दिसलं, नवे बूट दिसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि नंतर दिसलीच नाही. कॅमेरा बॉलमागं. लोक कुरकुरायला लागले, "आपली कुटं गेली?" मी पदराचं टोक दातात धरून बसले होते. या वेळी तोंडातून एक शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं, हजारो मैलांवर असली तरी. मॅच संपायला थोडा वेळ असताना आपल्या संघातल्या दुसऱ्याच मुलीला मधे मोकळी जागा मिळाली आणि तिनं गोल मारला. अंगणात फटाके सुरू झाले. मी टीव्हीच्या डाव्या कडेकडं बघत होते, जिथं चित्र संपतं तिथं.

अर्ध्या तासानं हवालदारांचा फोन आला. त्यांनीही तिकडं सगळ्यांबरोबर बसून बघितली होती.

"जिकलो न्हवं," ते म्हणाले. मग आवाज बारीक झाला. "पर पोरगी काय दिसली न्हाई गं. आत येताना दावली तेवडीच. वीस मिनिटं डोळं फाडून बघितलं."

"तो गोल झाला तवा ती डाव्या कोपऱ्यात होती. दोघी मागं होत्या तिच्या."

"तुला काय ठावं?"

"ठावं हाय. आत आल्यापासनं सांगू का?"

"सांग."

मी ओसरीवर जाऊन बसले आणि सांगायला लागले. ती कुठून निघाली असेल, मान कधी वळवली असेल, कुणाला मागं घेऊन कुठं गेली असेल. ते मधे मधे "हं" म्हणत होते. त्या वीस मिनिटांचं सांगायला मला पाऊण तास लागला. त्यात बॉल एकदाही आला नाही.